घारीसाठी विणून घेतलेले वेताचे चेंडू

नायलॉन मांजाने उजवा पंख गमावलेली एक घार आमच्या उपचार केंद्रात तीन वर्षांपासून आहे, आणि तिला पुन्हा सोडता येणार नसल्यामुळे तिचा पिंजऱ्यातला दिवस कसा जातो, याची जबाबदारी आमची आहे. वाटीतले मांस ती दोन मिनिटांत संपवी आणि उरलेला दिवस एकाच दांडीवर बसून काढी. अशा बैठकीने तळव्यांवर सतत भार पडून पाऊलसूज होते आणि ती चिघळली की पक्षी हातचा जातो. म्हणून, मांस आत ठेवले की ते तिला खटपट करून काढावे लागेल, या विचाराने पुण्यातील बुरूड आळीतल्या एका कारागिराकडून वीतभर व्यासाचे, दोन बोटे जातील एवढ्या फटींचे सहा चेंडू विणून घेतले.

पहिल्या खेपेचे चेंडू बांबूच्या कामट्यांचे होते. त्यांना धस राहिली होती आणि वरून पॉलिशही मारलेले होते. ते परत नेल्यावर कारागिराने कुरकूर न करता आठ दिवसांत बिनपॉलिशचे, गुळगुळीत वेताचे चेंडू करून दिले.

आत मेलेला उंदीर घालून पहिला चेंडू ठेवला, तेव्हा घार बराच वेळ मान तिरकी करून नुसती पाहत राहिली. मग खाली उतरून तिने चेंडूवर एक पाय रोवला आणि फटीतून बाहेर आलेली शेपटी चोचीने ओढली. चेंडू निसटून घरंगळला, तशी ती उरलेला पंख तोल सावरण्यासाठी पसरून त्याच्यामागे धावली. तिला इतके धावताना मी त्याआधी पाहिले नव्हते. त्या दिवशीचे जेवण वीस मिनिटे चालले.

केंद्रातल्या शिक्रा या लहान शिकारी पक्ष्यानेही चेंडू ओरबाडून काढला. गव्हाणी घुबडाने मात्र त्याकडे ढुंकूनही पाहिले नाही; भक्ष्य सबंध गिळणाऱ्या पक्ष्याला ओढाताणीचे काय सोयरसुतक असणार!

चेंडू आठवड्यातून दोनदाच द्यावा, नाहीतर नवलाई ओसरते. पक्ष्याचे वजन नियमितपणे करून पाहावे आणि मांस निघाले नाही तर संध्याकाळी ते वेगळे द्यावे. विणीत अडकलेले मांस सडते, त्यामुळे दोन-तीन वापरांनंतर चेंडू टाकून देणेच बरे. तो सुतळीने टांगण्याचा प्रयोग आम्ही एकदाच केला, कारण सुटलेला धागा नखीत गुंतला. चेंडू मोकळाच ठेवावा, आणि मागणी नोंदवताना ‘वेताचा, बिनपॉलिशचा’ असे स्पष्ट सांगावे.