सुरतेत खान्देशी नंबर: व्हॉइस-ओन्ली रिचार्ज रिव्ह्यू

वडील नंदुरबारचं सिम घेऊन उधन्याला भावाकडे राहतात, त्यांच्या साध्या बटनाच्या फोनला नेट लागतच नाही म्हणून फक्त कॉल अन् एसएमएसवाला पॅक मारला. आवाज क्लिअर, इनकमिंग-आउटगोइंग गुजरातमध्ये पण पॅकमध्येच, एक पैसा एक्स्ट्रा कटला नाही.

ज्यांनी जुने दिवस पाहिलेत त्यांनाच याची किंमत कळेल. नवापूर स्टेशन अर्धं आपल्याकडे अर्धं गुजरातमध्ये, तिथे नुसतं टॉवर बदललं की घरचा फोन उचलायचे पण पैसे, मिनिटाला 75 पैशापर्यंत! मग ट्रायने, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर नियम लावणाऱ्या सरकारी संस्थेने, मे 2015 पासून ती लिमिट 45 पैशावर आणली, आउटगोइंग लोकल 80 पैसे, एसटीडी 1.15, अन् त्याच जूनमध्ये बीएसएनएलने रोमिंगचं इनकमिंगच फ्री केलं. आमच्याकडची मजूर मंडळी तेव्हा कुठे मोकळेपणाने बोलायला लागली. हा बिननेटचा पॅक पण ट्रायच्या डिसेंबर 2024 च्या नियमामुळेच आलाय.

स्टार मात्र चारच, कारण कंपनीच्या अ‍ॅपमध्ये हा पॅक पार खाली दडवलाय अन् दुकानदार विचारल्याशिवाय सांगत नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी नाव घेऊनच मागा.