सिकाफ्लेक्स-221: घरी बांधलेल्या कॅम्पिंग ट्रेलरच्या तळाच्या सांध्यासाठी घ्यावं का?

घ्यावं, पण नुसत्या सीलंटच्या भरवशावर भिंत उभी करू नये. 221 हे हवेतल्या ओलाव्याने पक्कं होणारं पॉलियुरेथेन (पीयू) सीलंट आहे आणि वाळल्यावरही रबरासारखं लवचिक राहतं. ट्रेलर खड्ड्यातून गेला की तळ आणि भिंत वेगवेगळे हलतात, आणि कडक लांबी (पुटी) तिथे तडकते. सिलिकोन तडकत नाही, पण त्यावर रंग बसत नाही. शिवाय त्याचा अंश प्लायवर राहिला की पुढे दुसरं काहीच नीट धरत नाही, त्यामुळे दुरुस्ती अवघड होऊन बसते.

हार्डवेअरच्या दुकानात बहुतेक वेळा सिकाफ्लेक्सचाच दुसरा प्रकार, 11एफसी, पुढे केला जातो. तो मुख्यतः इमारतींच्या सांध्यांसाठी आहे. 221 बस-ट्रकची बॉडी बांधणाऱ्यांना माल पुरवणाऱ्याकडे मागा आणि नळीवरची मुदत वाचूनच घ्या. मुदत संपलेली नळी गनमधून नीट निघत नाही.

आता सांधा. भिंत तळावर ठेवू नका. ती तळाच्या कडेवरून खाली 10-12 मिमी उतरू द्या, म्हणजे भिंतीवरून ओघळणारं पाणी सांध्यात न शिरता खाली ठिबकतं. प्लाय आयएस 710 मरीन ग्रेडचा असला तरी कापलेली कड पाणी पितेच, म्हणून प्रत्येक कडेला एपॉक्सीचे दोन हात द्या. एपॉक्सी पक्की झाली की पाण्याने धुऊन, सुकवून, 120 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. गुळगुळीत एपॉक्सीवर पीयू नीट पकड घेत नाही.

मजबुतीसाठी आतून 25×25×3 मिमीचा ॲल्युमिनियम अँगल (एल आकाराची पट्टी) लावा आणि दर 125 मिमीवर स्टेनलेस स्क्रू मारा. दोन्ही बाजूंचे स्क्रू समोरासमोर येऊ देऊ नका. अँगल घासून पुसा, त्यावर पकड वाढवणाऱ्या सिका ॲक्टिवेटर-205 चा हलका हात द्या आणि 10 मिनिटं थांबा. नोझल व्ही आकारात कापून अँगलच्या दोन्ही बाजूंवर सीलंटची 8 मिमी रुंद, 10 मिमी उंच तिकोनी रेघ ओढा. अँगलखाली 2 मिमीचे रबरी तुकडे ठेवूनच स्क्रू आवळा. बहुतेकांचं काम बिघडतं ते इथेच. स्क्रू गच्च आवळला की सगळं सीलंट बाहेर येतं आणि आत कागदाएवढा थर उरतो, जो हालचाल सोसू शकत नाही. स्क्रूच्या भोकातही थोडं सीलंट भरा, म्हणजे ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस थेट एकमेकांना लागत नाहीत.

बाहेरून 10 मिमीचं तिकोनी फिलेट (कोपरा भरणारी सीलंटची रेघ) ओढा. आतून मात्र ओढू नका. अँगल कोपऱ्यात 10 मिमी तोकडा ठेवा, म्हणजे पाणी शिरलंच तर तिथे दिसेल. आतूनही सगळं बंद केलं तर प्लाय आतल्या आत कुजत राहतो आणि बाहेरून पत्ता लागत नाही.

8×5 फुटांच्या ट्रेलरला घेर साधारण 8 मीटर. अँगलच्या दोन बाजूंना मीटरमागे 80 मिली आणि फिलेटला 50 मिली, म्हणजे एकूण 1040 मिली. 300 मिलीच्या चार नळ्या घ्या, जास्तीचा माल वाया जाण्यात धरा.

प्लाय ओला असेल तर हात लावू नका. पीयूची ओलाव्याशी प्रक्रिया होऊन वायू सुटतो, त्यामुळे फिलेटमध्ये बुडबुडे राहतात. फिलेट गुळगुळीत करायला स्पिरिट वापरू नका, अल्कोहोलने ते पक्कंच होत नाही. साबणाच्या पाण्यात बोट बुडवून फिरवा आणि साय धरायच्या आत मास्किंग टेप काढा. पक्कं होण्याचा वेग दिवसाला साधारण 3 मिमी. कोकणातल्या दमट हवेत काम लवकर होतं, पण विदर्भातल्या मे महिन्यात 10 मिमीचं फिलेट आठवडाभर हलवू नये.

या मालाची उणी बाजू म्हणजे ऊन. पांढरं 221 उघड्यावर पिवळं पडतं आणि वरचा थर भुकटतो, म्हणून रंग द्यावाच लागतो. तोही नेहमीचा ऑइल पेंट चालत नाही, तो पीयूवर चिकट राहतो. पाण्यात मिसळणारा किंवा दोन घटकांचा पीयू पेंट आधी एका तुकड्यावर लावून बघा. पॉलिकार्बोनेट किंवा ॲक्रिलिकच्या खिडकीला हे लावू नका, तिथे ताणाने तडे जातात.