एचओमध्ये दोन रूळ घ्यावेत की मार्क्लिनचे तीन?

कोथरूडचं जोशी मिनिएचर रेल्वे म्युझियम पाहून ज्यांच्या डोक्यात किडा शिरला, मॉडेल रेल्वेचा एचओ (१:८७) हाच आकार घ्यायचा असं ज्यांचं ठरलं, आणि आता ज्यांचं घोडं दोन रूळ की मार्क्लिन या जर्मन कंपनीचे तीन इथे अडलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. स्केल, डीसीसी (गाड्या डिजिटल पद्धतीने चालवणं), डिकोडर (इंजिनातलं आदेश ओळखणारं सर्किट) वगैरे गोष्टी तुम्हाला ठाऊक आहेत असं धरून चालतो. माझ्या घरी दोन्ही प्रकार नांदले आहेत.

दिसण्यात दोन रूळ सरस आहेत, यात वाद नाही. मार्क्लिनच्या सी-ट्रॅक या रुळांवर तिसरा रूळ म्हणजे स्लीपरच्या (रुळांखालच्या आडव्या पट्ट्यांच्या) मधोमध धातूचे बारीक ठिपके असतात. चालत्या गाडीकडे पाहताना ते जाणवत नाहीत, पण जवळून फोटो काढलात की खुपतात. इंजिनाखालची पट्टी या ठिपक्यांवरून घासत जाते, त्याची खरखर रात्री शांततेत चांगलीच ऐकू येते. निवडीलाही दोन रुळांत जास्त वाव आहे. पिको, रोको, बॅकमन, वॉल्थर्स अशी कंपन्यांची मोठी यादी आहे. मार्क्लिनमध्ये भर जर्मन आणि स्विस गाड्यांवर. भारतीय इंजिनाचा हट्ट असेल तर तीन रुळांचा नाद सोडा. शिवाय मार्क्लिन महाग आहे, आणि ते कबूल करायला मला काही वाटत नाही.

आता भरवशाचं बोलू. दोन रुळांत एका रुळातून वीज येते आणि दुसऱ्यातून परत जाते. त्यामुळे दोन्हीकडची चाकं आणि दोन्ही रूळ स्वच्छ लागतात. पुण्यात खिडकी उघडी राहिली की दुपारपर्यंत टेबलावर बोटाने नाव लिहिता येतं, आणि पावसाळ्यात त्याच धुळीचा चिकट थर होतो. मग इंजिन सांध्यावर आचके देतं, आपण बोटाने ढकलतो, आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेलं फडकं कायमचं हाताशी राहतं. मार्क्लिनमध्ये दोन्ही रूळ एकाच पोलचे आणि दुसरा पोल मधल्या ठिपक्यांचा. पट्टी लांब असल्याने एका वेळी अनेक ठिपक्यांना टेकते आणि घासता घासता ते साफही करते. मी काही मीटर लावून मोजलेलं नाही, पण पावसाळ्यानंतर कापड काढून पहिली फेरी मारली तर तीन रुळांवरची गाडी साधारण तशीच निघते. रूळ वळवून परत त्याच मार्गाला जोडले तरी शॉर्ट होत नाही, हा आणखी एक फायदा. अर्थात दोन रुळांच्या इंजिनात कपॅसिटर (थोडी वीज साठवणारा भाग) बसवला की आचके बरेच कमी होतात. तेवढ्यावरून मी पक्ष बदलला नसता.

बदलला तो एका गिअरमुळे. माझं दोन रुळांचं एक डिझेल इंजिन, कंपनीचं नाव घेत नाही, टक-टक करत लंगडायला लागलं. चाकाची एक फेरी झाली की एक टक. उलटं करून भिंगातून पाहिलं तर अ‍ॅक्सलवरच्या प्लास्टिकच्या गिअरला केसाएवढी चीर गेली होती. असा गिअर धातूच्या अ‍ॅक्सलवर दाबून बसवलेला असतो, प्लास्टिकवर कायम ताण राहतो, आणि काही वर्षांनी ते फाकतं. चीर गेली त्या जागी दोन दात एकमेकांपासून किंचित लांब जातात आणि पुढचा गिअर तिथे अडखळतो. फेव्हिक्विक लावून उपयोग नाही. तो त्या प्लास्टिकवर टिकत नाही, आणि टिकला तरी दातांमधलं अंतर चुकलेलंच राहतं.

कंपनीला ईमेल केली. उत्तर लवकर आलं, भाषा अत्यंत नम्र. गिअर सुटा मिळत नाही, अ‍ॅक्सलही नाही. अख्खी बोगी (इंजिनाखालचा चाकांचा संच) मिळते, पण सध्या स्टॉकमध्ये नाही. आपण इंजिन मूळ बिलासह विक्रेत्यामार्फत पाठवावे. विक्रेता जर्मनीत, इंजिन भाच्याच्या सुटकेसमधून पुण्यात! युरोपात ग्राहकाला कायद्याने दोन वर्षांची हमी असते, पण ती विक्रेत्याने द्यायची असते. तिथे राहणाऱ्याला तिचा उपयोग, आपल्याला ती कागदावरच. आणि इंजिन कुरियरने जायचं म्हणजे परत यायचंही आलं. खेळण्यांवरची आयात ड्यूटी २०२० च्या बजेटमध्ये २० टक्क्यांवरून ६० झाली, २०२३ मध्ये ७०. दुरुस्त होऊन आलेला माल आपलाच जुना आहे हे कस्टम्सला पटवत बसायचं, तेही नखाएवढ्या गिअरसाठी. ते इंजिन अजून माझ्या कपाटात आहे.

म्हणून माझ्या मते इथे बसून कस्टमर सर्व्हिस जोखायची असेल तर उत्तर किती गोड आलं ते सोडून द्या आणि सुटा भाग पाकिटात मावून येतो का ते बघा. मार्क्लिनच्या इंजिनाबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत शेवटी सगळे भाग सुटे करून दाखवलेलं चित्र असतं आणि प्रत्येक भागाला नंबर असतो. चाकाचं रबर गेलं तर दुकानदाराला ‘७१५३’ एवढंच सांगायचं, दहा रबरांची पुडी मिळते. तेलाची बाटली ७१४९. बहुतेक इंजिनांचं कव्हर एक-दोन स्क्रूंवर निघतं. माझ्या एका जुन्या वाफेच्या इंजिनाचे मोटरचे ब्रश आणि खालची पट्टी अशीच नंबर सांगून मागवली. भाच्याने ती दिवाळीच्या भेटकार्डात घालून आणली आणि चहा होईपर्यंत बसवूनही झाली.

तिथेही सगळं आलबेल नाही. काही जुन्या नंबरांपुढे आता भाग मिळत नाही असं लिहिलेलं असतं, आणि नव्या इंजिनातलं सर्किट जळलं तर खर्च ऐकून गप्प व्हायला होतं. गोपिंगनची ही कंपनी १८५९ पासूनची असली तरी २००९ मध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली होती. तरी उत्पादन थांबलं नाही, २०१३ मध्ये सिम्बा-डिकी समूहाने ती घेतली, आणि सुटे भाग आजही येताहेत. मला तरी एवढं पुरेसं वाटलं.

दोन रुळांच्या सगळ्याच कंपन्या माझ्या त्या कंपनीसारख्या नसतात हेही खरं. पिको आणि रोको सुटे भाग विकतात. आणि दोन रूळच हवेत, पण मार्क्लिनची सुट्या भागांची सोयही हवी, तर ट्रिक्स बघा. १९९७ पासून ती मार्क्लिनकडेच आहे, बरीचशी इंजिनं तीच असतात, फक्त दोन रुळांसाठी बनवलेली. कंपनी कुठलीही असो, पैसे देण्याआधी त्या इंजिनाचा भागांचा तक्ता मागा आणि अ‍ॅक्सल, गिअर यांना स्वतंत्र नंबर आहे का ते पाहा. असेल तर एक जास्तीचा अ‍ॅक्सल आणि रबरं त्याच सुटकेसमधून येऊ द्या.

मार्क्लिन जुन्या बाजारातून घेणार असाल तर एक जपा. त्याबरोबर बहुधा जुना निळा पत्र्याचा ट्रान्सफॉर्मर गळ्यात मारतात. तो २२० व्होल्टसाठी बनवलेला, आपल्याकडे येतात २३०. इंजिनाची दिशा बदलण्यासाठी तो रुळांत जास्त व्होल्टचा जो झटका सोडतो, तो त्यामुळे आणखी वाढतो आणि नव्या इंजिनातला डिकोडर उडू शकतो. तो लावू नका, नवा घ्या.