क्लिकर: वर्तन घडवण्याचा दावा करणारी एक छोटी डबी

क्लिकर म्हणजे तळहातात सहज मावणारी प्लास्टिकची डबी. तिच्यात पोलादाची एक लवचीक पट्टी बसवलेली असते. अंगठ्याने दाबली की पट्टी वाकून ‘टिक’ असा आवाज होतो आणि सोडली की मूळ आकारात परतताना ‘टक’ असा. कुत्र्यामांजरांना शिकवण्याचे साधन म्हणून ही डबी विकली जाते आणि वेष्टनावर बहुधा ‘वर्तन बदलते’ अशा धर्तीचे काहीतरी छापलेले असते. एक तरुण, उतावळी कुत्री आणि एक वयस्क, आपल्याच मर्जीने वागणारा बोका यांना शिकवताना तिचे दोन्ही प्रचलित प्रकार मी वापरले आहेत. साधन चांगले आहे, पण त्यावरचा दावा चुकीचा आहे, असे माझे मत झाले. वर्तन बदलते ते डबीच्या आवाजाने नव्हे, तर त्या आवाजानंतर काय घडते, ते किती वेळेवर घडते आणि समोरचा प्राणी मुळात कोणत्या वृत्ती घेऊन जन्माला आला आहे, यांमुळे.

आधी वस्तूविषयी. चौकोनी पेटीच्या प्रकारात पट्टी उघडी असते, आवाज खणखणीत येतो आणि मोकळ्या जागेतही नीट पोहोचतो. मात्र बोट नेमके पट्टीवर पडावे लागते आणि ओल लागली की पट्टीला गंज चढतो. उंच बटणाच्या प्रकारात आवाज मऊ असतो व हाताकडे न पाहताही बटण सापडते, त्यामुळे नवशिक्याला तोच सोयीचा वाटेल. त्याचा दोष असा की स्वस्त नमुन्यांत बटण अडकते किंवा अर्धवट दाबले जाते आणि आवाज किंचित उशिरा येतो. या उपकरणात तेवढा उशीर म्हणजे निम्मे काम वाया जाणे होय. मनगटात अडकवण्याची दोरी असलेला नमुना घ्यावा, कारण एका हातात दोरखंड आणि दुसऱ्या हातात खाऊ असताना डबी हमखास खाली पडते. शिट्टी जोडलेले नमुनेही मिळतात. दोन वेगवेगळ्या अर्थांचे आवाज एकाच वस्तूत कोंबण्याचे प्रयोजन मला कळलेले नाही.

नव्या प्राण्याच्या लेखी क्लिकरचा आवाज निरर्थक असतो. त्याला अर्थ येतो तो प्रत्येक आवाजानंतर लगेच खाऊ मिळाल्यामुळे. रशियन शास्त्रज्ञ पावलोव यांच्या प्रयोगशाळेतील कुत्र्यांना मेट्रोनोमच्या (ठरावीक लयीत ठोके देणाऱ्या यंत्राच्या) ठोक्यांनंतर अन्न मिळत असे आणि पुढे नुसत्या ठोक्यांनी त्यांना लाळ सुटू लागली. इथे घडते ते तेच, आणि मानसशास्त्राची पाठ्यपुस्तके त्याला अभिजात अभिसंधान म्हणतात. माकडांच्या मेंदूतील डोपामीन हे बक्षिसाशी निगडित रसायन स्रवणाऱ्या पेशींवर मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी केलेल्या प्रयोगांनी यामागची यंत्रणा अधिक स्पष्ट केली. अनपेक्षित रसाच्या थेंबाला या पेशी सुरुवातीला प्रतिसाद देत. रसाआधी एखादा संकेत नियमित येऊ लागला की त्यांचा प्रतिसाद संकेताकडे सरके, आणि संकेत देऊनही रस दिला नाही, तर नेमक्या त्या क्षणी पेशींची क्रिया नेहमीच्या पातळीच्याही खाली जात असे. क्लिकरसोबतच्या माहितीपत्रकात एकच नियम ठळक छापायचा असेल, तर तो यातूनच निघतो: डबी वाजली की खाऊ दिलाच पाहिजे, मग ती चुकून का वाजलेली असेना.

दुसरा घटक परिणामाचा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ साली मांजरांना कोड्याच्या पेट्यांत कोंडून ती बाहेर पडायला किती वेळ लावतात हे मोजले. मांजराला एकाएकी काही उमगत नाही, तर ज्या हालचालीने दार उघडते ती हळूहळू टिकते आणि बाकीच्या गळून पडतात, असे त्यांना दिसले. पुढे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी हाच धागा धरून साधक अभिसंधानाचा, म्हणजे कृतीच्या परिणामातून होणाऱ्या शिकण्याचा, सविस्तर अभ्यास केला आणि १९५१ साली सर्वसामान्य वाचकांसाठी लिहिलेल्या एका लेखात, प्राण्याला शिकवताना मुलांच्या खेळण्यातली टिकटिकी वापरावी, असा सल्ला दिला. आज ‘आधुनिक प्रशिक्षण साधन’ म्हणून विकली जाणारी वस्तू मुळात स्वस्त खेळणे आहे, हे ग्राहकाने ध्यानात ठेवलेले बरे.

या टिकटिकीची गरज का पडते, हे कुत्रीला बसायला शिकवताना लगेच लक्षात येते. तिचा मागचा भाग जमिनीला टेकतो, आपण खिशात हात घालतो, खाऊ काढतो, वाकतो. तेवढ्यात ती उठून आपल्या अंगावर झेपावलेली असते आणि खाऊ मिळतो तो झेपावण्याला. क्लिकरचा आवाज ही फट बुजवतो. टेकल्याच्या क्षणी डबी वाजली, तर खाऊ पोहोचायला थोडा वेळ लागला तरी कोणत्या कृतीची ही पोच आहे, ते प्राण्याला कळते. याची उलट बाजूही तितकीच खरी आहे. स्किनर यांनी १९४८ साली भुकेल्या कबुतरांना, ती काहीही करोत, ठरावीक अंतराने दाणे दिले. तेव्हा आठांपैकी सहा पक्ष्यांना गिरक्या घेणे, पिंजऱ्याच्या कोपऱ्यात डोके खुपसणे अशा अर्थशून्य सवयी जडल्या. चाळा म्हणून डबी वाजवणाऱ्या माणसाच्या हाती क्लिकर देणे म्हणजे हाच प्रयोग घरात मांडणे. (लहान मुले घरात असतील, तर डबी उंच फळीवर ठेवावी.)

क्लिकरचा खरा कस लागतो तो टप्प्याटप्प्याने वर्तन घडवताना, आणि याच कामासाठी मी तो पुन्हा विकत घेईन. बोक्याला प्रवासाच्या पिंजऱ्यात आपणहून शिरायला शिकवायचे होते. त्याला उचलून आत ढकलणे हा रूढ उपाय प्रत्येक वेळी आधीपेक्षा अवघड होत जातो, कारण त्या झटापटीत पिंजरा म्हणजे संकट एवढेच तो शिकत असतो. त्याऐवजी पिंजऱ्याकडे नुसते पाहिले की आवाज व खाऊ, मग एक पाऊल टाकले की, मग नाक आत गेले की, मग पुढचे पाय, असे निकष क्रमाने वाढवत नेले. एखाद्या टप्प्यावर तो अडला की एक पायरी मागे यायचे, आणि तो कंटाळण्याआधी थांबायचे. या पद्धतीत प्राण्याला हात लावावा लागत नाही, आवाज चढवावा लागत नाही आणि आपण काय केले म्हणून हे मिळाले, याचा शोध तो स्वतः घेऊ लागतो. शोध घेणारा प्राणी आणि ढकलला जाणारा प्राणी यांच्या अंगबोलीतला फरक डोळ्यांना सहज दिसतो.

मग याच कामासाठी ‘छान’ असा एखादा शब्द पुरणार नाही का? बहुतेक घरांत पुरेल, असे मला वाटते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कुत्र्यांचे तीन गट केले होते. एकाला क्लिकर, दुसऱ्याला ठरलेला शब्द आणि तिसऱ्याला थेट खाऊ देऊन एक नवे काम शिकवले गेले, आणि शिकण्याच्या वेगात तीनही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. विक्रेते हे सांगणार नाहीत. तरीही डबीचा एक फायदा उरतो: तिच्या आवाजात आपला वैताग, थकवा किंवा उतावीळपणा उतरत नाही. ज्यांचा सूर तासागणिक बदलतो, त्यांना याचा उपयोग अधिक. अतिशय सूक्ष्म हालचाल टिपायची असेल, तेव्हाही अंगठा जिभेपेक्षा वेगाने चालतो, असा माझा अनुभव आहे.

आता मर्यादा. बोक्याला काठीच्या टोकाला नाक लावायला शिकवले. सुरुवात उत्तम झाली, पण काठी हलू लागली तसे त्याने नाक लावायचे सोडून टोकावर झडप घालायला सुरुवात केली, आणि झडपेला एकदाही खाऊ मिळालेला नसताना ती वाढतच गेली. क्लिकरमध्ये दोष शोधण्याआधी केलर आणि मॅरियन ब्रेलँड या स्किनर यांच्या विद्यार्थी दांपत्याचे निरीक्षण आठवावे. त्यांनी व्यवसाय म्हणून अनेक जातींच्या प्राण्यांना कसरती शिकवल्या आणि १९६१ साली आपल्या अपयशांचाही अहवाल प्रसिद्ध केला. गल्ल्यात नाणी टाकायला शिकवलेले रॅकून (अमेरिकेतला एक छोटा सस्तन प्राणी) दोन नाणी हाती येताच ती एकमेकांवर घासत बसत. लाकडी नाणी नेऊन टाकणारी डुकरे ती वाटेतच सोडून नाकाने उकरू लागत. या उद्योगात त्यांचा खाऊ लांबणीवर पडे, तरी ते थांबत नसत. शिकवलेली कृती अन्नाशी जोडली गेली की अन्न मिळवण्याची उपजत रीत तिच्यात घुसते. हलते टोक हे मांजराला भक्ष्यच आहे. मी काठी स्थिर ठेवली, तेव्हा काम पुन्हा रुळावर आले.

भीतीच्या बाबतीत तर हे साधन उलटू शकते. बिचकणाऱ्या प्राण्याला तो टोकदार आवाजच नकोसा होतो आणि खाऊ देऊनही तो कोपऱ्यात सरकतो. डबी खिशात ठेवून किंवा कापडात गुंडाळून वाजवली, तर काही प्राणी सावरतात. जे सावरत नाहीत त्यांच्यासाठी हळुवार शब्द बरा. धास्तावलेल्या कुत्र्याच्या तोंडात खाऊसुद्धा उतरत नाही, मग पोच कशाची देणार? तेथे आधी कारण दूर करावे लागते, आणि आक्रमकता किंवा दुखण्यामुळे आलेली चिडचिड असेल, तर प्रथम पशुवैद्याकडे जावे.

हीच डबी माणसांना शिकवायलाही वापरली जाते. जिम्नॅस्टिक्सच्या काही प्रशिक्षणांत पाय योग्य कोनात आला की आवाज करतात. २०१६ सालच्याच एका प्रयोगात वैद्यकीय विद्यार्थ्यांना अस्थिशल्यक्रियेतली गाठ मारणे आणि हाडाला कमी कोनात छिद्र पाडणे अशा रीतीने शिकवले, तेव्हा प्रात्यक्षिक पाहून शिकणाऱ्यांपेक्षा त्यांचे काम अधिक अचूक झाले. चूक झाली की केवळ शांतता असते आणि तीत अपमान नसतो, हे मला यातले विशेष वाटते. मात्र जे काम माणूस आधीच आवडीने करतो, तेथे बक्षिसाची भर घालताना सावध राहावे. चित्रे काढण्याची आवड असलेल्या बालवाडीतील मुलांना प्रशस्तिपत्राचे आमिष दाखवल्यावर ती पुढे रिकाम्या वेळात कमी चित्रे काढू लागली, असे १९७३ सालच्या एका प्रसिद्ध प्रयोगात दिसले होते. गाठ मारण्याच्या कौशल्याला पोच हवी असते, चित्र काढण्याच्या आनंदाला ती नको असते, आणि यांतले काय समोर आहे ते डबी धरणाऱ्यानेच ओळखायचे असते.

घ्यायचाच असेल तर उंच बटणाचा, दोरी असलेला नमुना घ्यावा आणि दुकानातच बटण अनेकदा दाबून ते अडकत नाही ना, हे पाहावे. घरात दोन प्राणी असतील, तर शिकवताना एकाला दुसऱ्या खोलीत ठेवावे. अन्यथा आवाज दोघांनाही ऐकू येतो आणि खाऊ एकालाच मिळतो. बहिऱ्या प्राण्यासाठी क्लिकर घेऊ नये, अंगठा उंचावण्याची ठरलेली खूण तेच काम करते. कृती पक्की होऊन साध्या आज्ञेवर घडू लागली की त्या कृतीसाठी डबीची गरज उरत नाही. खाऊ मात्र अधूनमधून चालू ठेवावा लागतो, कारण परिणाम पूर्णपणे थांबला तर शिकलेले वर्तनही हळूहळू विरते.