कोरकू पोरांना मराठी कविता: व्हॉट्सॲप ग्रुप की गूगल डॉक्स?

धारणीकडं नवीन लागलेल्या एका मॅडमनी विचारलं, नववीच्या पोट्ट्यांनी कविता ऑनलाइन मिळून वाचायची तर व्हॉट्सॲप बरं की गूगल डॉक्स? मी दोन्ही करून बसलोय.

आधी एक लक्षात घ्या, मेळघाटातल्या कोरकू लेकरांना मराठी ही दुसरी भाषा, कोरकू म्हणजे मराठीची बोली नव्हे बाप्पा, ती मुंडा कुळातली, संथालीच्या नात्यातली, तिथं भेद सजीव-निर्जीवाचा, आपल्या तो-ती-तेचा नाही. म्हणून पोरगं ‘नदी आला’ लिहितं त्याला हसू नका.

व्हॉट्सॲपचा मोठा फायदा म्हणजे व्हॉइस नोट. फोन घरात एकच, तो बापाचा, बाप वावरातून आल्यावर हाती येतो, तरी चालतं, रेंज नसली तर मेसेज रेंज आल्यावर जातो. वर्गात तोंड न उघडणारी पोरगी घरून कविता वाचून पाठवते, आजीला अर्थ कोरकूत सांगते तेही मागून ऐकू येतं (मला तर तेच ऐकायला आवडतं). पण एकानं उत्तर टाकलं की खाली अकरा जणांचं तेच्च ते, मधे गुड मॉर्निंगची फुलं. आणि मेसेज 15 मिनिटांपर्यंतच एडिट होतो, कविता काय 15 मिनिटांत कळते का हो?

डॉक्सची खरी मजा इथंच. एका पोरानं कवितेतल्या ‘ती’ या एकाच शब्दावर कमेंट टाकली, ‘नदी बाई काहून?’ त्याखाली आठ दिवस भांडण चाललं, काहींनी आपलंच उत्तर बदललं, आणि कवितेच्या मजकुरात कोणी कधी काय बदललं ते व्हर्जन हिस्टरीत (जुन्या बदलांच्या नोंदीत) दिसतं. त्रास म्हणजे जीमेल खाती, पोट्टे पासवर्ड विसरतात, माझा अख्खा शनिवार त्यात गेला. लिंक देताना एडिटर नका करू, कमेंटरच ठेवा, आमची कविता एकदा पूर्ण उडाली होती, हिस्टरीतून परत आणली.

गूगल मीटचा व्हिडिओ कॉल सोडाच, फुकटात 60 मिनिटं मिळतात पण रेंज दहा टिकत नाही.

शाळेत तीन-चार कॉम्प्युटर चालू असतील तर डॉक्स. नसतील तर व्हॉट्सॲप, पण अख्ख्या वर्गाचा एक ग्रुप नको, चार-चार जणांचे करा, कॉपी कमी होते. मॅडमकडं कॉम्प्युटर एकच आहे न लाइट दुपारी जाते म्हणे, म्हणून त्यांना व्हॉट्सॲपच सांगितलं, फक्त आठवड्यातून एकदा त्या नोट्स ऐकून एका डॉक्समधे उतरवायला पोरंच बसवा म्हटलं, सकाळी, लाइट असताना.