५,८५० डॉलर आणि न आलेला सुपरचार्जर: मस्टँग, कॅमेरो, चॅलेंजरवाल्यांनी वाचाच

गाडीच्या पार्टचे पैसे झेलने (बँक खात्यातून थेट समोरच्याच्या खात्यात पैसे पाठवायची अमेरिकेतली सोय) पाठवू नका. कोणालाही. वेळ नसेल तर एवढंच वाचा आणि कामाला लागा. वेळ असेल तर माझे ५,८५० डॉलर कसे गेले ते सविस्तर लिहितोय. लिहिताना अजूनही डोकं तापतंय, सांभाळून घ्या.

मी डेट्रॉइटजवळ राहतो. मूळचा पुण्याचा, इथे येऊन बरीच वर्षं झाली. नोकरी सप्लायर क्वालिटीत. सप्लायर सांगतो ती तारीख खरी की थाप, हे ओळखण्याचाच पगार मला मिळतो. हे मुद्दाम सांगतोय, कारण मंडळातल्या एका काकांनी चारचौघांत विचारलं, "तुला कळायला नको होतं का रे?" काका, कळतं मला. पण ब्लोअरच्या (म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या सुपरचार्जरच्या) धंद्यात महिना-दोन महिने थांबावं लागणं ही अगदी रोजची गोष्ट आहे. चांगल्या दुकानातून घेतलात तरी थांबावं लागतं. चोर त्या थांबण्याच्या आडच लपला होता.

गाडी २०१९ ची मस्टँग जीटी, सहा गिअरची मॅन्युअल. ५.० लिटरचं कोयोटी इंजिन, कंपनीचा आकडा ४६० एचपी. "४६० पुरत नाहीत का?" असं विचारणाऱ्यांशी मला वाद घालायचा नाही. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ड्रीम क्रूझला, आमच्याकडच्या गाड्यांच्या मेळ्याला, या आणि मग बोला.

काय बसवायचं हे ठरवण्यात आख्खा हिवाळा गेला. टर्बो (तोही हवाच कोंबतो, पण एक्झॉस्टच्या जोरावर) आधी बाद केला. एक्झॉस्टचं सगळं प्लंबिंग बदला, बॉनेटखालची उष्णता सांभाळा, वर लेबरचं बिल. मग राहिले सुपरचार्जर. त्यात प्रोचार्जर, व्होर्टेक हे सेंट्रिफ्यूगल. बेल्टवर चालतात, दिसायला टर्बोसारखे, आणि आरपीएम (इंजिनाचे फेरे) चढेल तसा बूस्ट, म्हणजे कोंबलेल्या हवेचा दाब, चढतो. खरी मजा वरच्या टोकाला. दुसरे पॉझिटिव्ह डिस्प्लेसमेंटवाले: व्हिपलचा ट्विन-स्क्रू, नाहीतर ईटनचे टीव्हीएस रोटर वापरणारे राउश, एडलब्रॉक, मॅग्नसन. हे इंजिनाला हवा पुरवणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डच्या जागी, सिलिंडरांच्या दोन रांगांच्या व्हीच्या मधोमध बसतात आणि पेडल दाबलं की खालच्या आरपीएमलाच टॉर्क हजर. गरम होतात, म्हणून पाण्याचा इंटरकूलर, त्याचा वेगळा पंप, पुढे हीट एक्स्चेंजर असा लवाजमा लागतो. मला गाडी रोज ऑफिसला न्यायची आणि संध्याकाळी सिग्नल ते सिग्नल चालवायची, तेव्हा या दुसऱ्या प्रकारातला टीव्हीएस २६५० ठरला. कोणत्या कंपनीचा ते लिहीत नाही, त्या बिचाऱ्यांचा यात काडीचा दोष नाही.

अभ्यास कमी पडला असं कोणी म्हणू नये. २०१८ पासूनच्या कोयोटीचं कॉम्प्रेशन (सिलिंडरात हवा किती पट दाबली जाते ते) १२:१ आहे, त्याआधीच्याचं ११:१, म्हणजे पंपावरच्या ९३ ऑक्टेनच्या पेट्रोलवर बूस्ट जपून द्यावा लागतो हे मला पाठ होतं. ऑइल पंपाचे गिअर हे या इंजिनाचं दुखरं ठिकाण, म्हणून बिलेटचे (अखंड धातूतून कापलेले) गिअर आणि क्रँक स्प्रॉकेट आधीच घेऊन ठेवले, ६४० डॉलर. क्लच १,१८० डॉलर. इन्स्टॉलरकडे तारीख धरायला ४०० डॉलर आगाऊ, हे पैसे परत मिळत नाहीत.

दुकान दुसऱ्या राज्यातलं. साइट झकास, फोन दुसऱ्या रिंगला उचलायचे. फोनवरच्या माणसाला पुलीच्या मापापासून इंजेक्टरपर्यंत सगळं तोंडपाठ. माझ्या क्लचबद्दल त्याने दिलेला सल्ला बरोबर होता, नंतर इन्स्टॉलरनेही तेच सांगितलं. माहितगार माणूस लबाड नसतो असं कुठे लिहिलंय?

किंमत ७,८५० डॉलर. बाकी ठिकाणी त्याच किटचे ९,००० च्या घरात मागत होते. "ग्रुप बाय आहे, सात जण झालेत, आठवा तू." आता ज्यांना हा धंदा माहीत आहे त्यांना यात खटकण्यासारखं काही दिसणार नाही. कंपन्या जाहिरातीतली किमान किंमत ठरवून देतात, त्याखालचा आकडा विक्रेत्याला उघड छापता येत नाही, म्हणून खरे विक्रेतेही सूट फोनवरच देतात. फक्त ती शंभर-दोनशेची असते. १,१५० डॉलर सोडायला एवढा नफा कुठल्या विक्रेत्याकडे असतो?

फेब्रुवारी २०२५ मध्ये २,००० डॉलर क्रेडिट कार्डने भरले. इनव्हॉइस आलं, ऑर्डर नंबर आला, "४ ते ६ आठवडे" असं लेखी आलं. मार्चअखेर फोन आला: किट तयार आहे, उरलेले ५,८५० भर, लगेच निघेल. कार्डने भरलेस तर ३ टक्के जादा, झेलने काही नाही. ३ टक्के म्हणजे १७५ डॉलर ५० सेंट. ते वाचवले मी. घ्या.

आता तो क्षण. रोज रात्री डोळ्यांसमोर येतो म्हणून नीट लिहितो. झेलमध्ये समोरच्याचा नंबर टाकला की पैसे पाठवण्याआधी त्याचं नोंदवलेलं नाव दिसतं. तिथे दुकानाचं नाव दिसायला हवं होतं. दिसलं एका बाईचं नाव, आडनावासकट. खाली बँकेची सूचना: ओळखीच्या आणि विश्वासातल्या व्यक्तीलाच पैसे पाठवा. मी थांबलो. हे छातीठोकपणे सांगतो, मी आंधळेपणाने बटण दाबलं नाही, थांबून फोन केला. उत्तर आलं, "ती आमची बुककीपर. बिझनेस खात्याची आजची लिमिट संपलीय, म्हणून तिच्या खात्यावर." एका दमात, जराही न अडखळता.

आणि मला ते पटलं, कारण माझ्याही बँकेची दिवसाची मर्यादा ३,५०० होती! माझी लिमिट आड येतेय तर त्याची येणार नाही का? पाठवणाऱ्याला मर्यादा असते, घेणाऱ्याला कसली, हे मला सुचलं जूनमध्ये, अंघोळ करताना.

३,५०० त्या दिवशी गेले, २,३५० दुसऱ्या दिवशी. मध्ये एक आख्खी रात्र होती. दुसऱ्या दिवशीही तेच नाव, तीच सूचना. रात्री बायकोने फोनमध्ये डोकावून विचारलंसुद्धा, "अरे, ही कोण?" मी म्हणालो, "त्यांची अकाउंटंट आहे." चोराची थाप मी माझ्या घरात, माझ्या तोंडाने सांगितली. गेलेल्या पैशांपेक्षा हे जास्त झोंबतं.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे, सगळीकडे सारखंच असतं. ट्रॅकिंग नंबर आला, त्यावर "लेबल तयार, पार्सल अजून मिळालेलं नाही" यापलीकडे काही सरकेना. लेबल कोणीही घरबसल्या छापतं, त्याला पुरावा समजू नका. मग इंटरकूलरचा कोअर अडकला. मग टॅरिफ. त्या वसंतात अमेरिकेत टॅरिफचं कारण कोणीही कशालाही देत होतं आणि ते निम्म्या वेळा खरंही होतं, त्यामुळे काय बोलणार? मग खोक्यावर ठेवलेल्या ब्लोअरचा फोटो आला, "हा तुझा." तोच फोटो नंतर मला एका जुन्या विक्रीच्या जाहिरातीत सापडला. भलताच माणूस, भलतंच गॅरेज. फोटो मागायचाच असेल तर आजची तारीख आणि तुमचं नाव कागदावर लिहून सिरियल नंबरच्या पट्टीशेजारी ठेवायला सांगा.

मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तो गोड बोलत होता. नंतर फोन बंद. मेच का, हे मला उशिरा उमगलं. क्रेडिट कार्डाच्या व्यवहाराबद्दल लेखी तक्रार करायला १९७४ च्या फेअर क्रेडिट बिलिंग ऍक्टमध्ये ६० दिवसांची मुदत आहे, तो व्यवहार ज्या स्टेटमेंटवर पहिल्यांदा आला ते पाठवल्यापासून. फेब्रुवारीचा खर्च, मार्चच्या सुरुवातीचं स्टेटमेंट. मोजा. कॅलेंडर समोर ठेवून तो मला "पुढच्या सोमवारी नक्की" म्हणत होता. माझ्या कार्डवाल्यांनी डिलिव्हरीची ठरलेली तारीख धरून तक्रार घेतली म्हणून ते २,००० परत आले. सगळेच घेतील याची खात्री नाही. वचन दिलेली तारीख टळली की त्याच दिवशी कार्डवाल्यांना लिहा, विक्रेत्याच्या सोमवारची वाट बघू नका.

शेवटी ब्लोअर बनवणाऱ्या कंपनीलाच फोन केला. पाच मिनिटांचं काम. असा ऑर्डर नंबर नाही, हे दुकान आमचा विक्रेता नाही. "आधी का नाही केलास फोन?" हे विचारू नका. दुकानाच्या साइटवर कंपनीचा लोगो होता, खाली "ऑथराइज्ड डीलर" असं ठळक लिहिलेलं होतं. डीलरची यादी कंपनीच्या साइटवर बघा, दुकानाच्या नाही.

आता सरकारी पाहुणचार.

आधी बँक. "सर, सेंड तुम्हीच दाबलंत ना?" हो. "मग व्यवहार अधिकृत आहे." इथला कायदा असा की चोराने तुमच्या खात्यात घुसून पैसे काढले तर बँकेला भरपाई द्यावी लागते. चोराने तुम्हाला गंडवून तुमच्याच बोटाने काढवले तर नाही. पैसे कोणाच्या खात्यात गेले, नाव, नंबर, वेळ, सगळं बँकेकडे आहे. मला सांगणार नाहीत. गोपनीयता! चोराची गोपनीयता, बरं का. माझी कोणाला पडलीय?

मग आमच्या गावचे पोलिस. ऑफिसर सज्जन होता, गाडीबद्दल चौकशीही केली. म्हणाला, ही सिव्हिल मॅटर आहे, पैसे तुम्ही स्वखुशीने दिलेत, दुकान दुसऱ्या राज्यात आहे. त्या राज्यातल्या शेरीफकडे फोन केला. ते म्हणाले, तुम्ही राहता तिथे तक्रार करा. मी म्हटलं, तिथून तुमच्याकडे पाठवलंय. पलीकडून शांतपणे, "मग वकिलाला विचारा." वकिलाची तासाची फी ऐकून मी फोनवरच हसलो. ऑनलाइन गुन्ह्यांसाठी केंद्र सरकारचा फॉर्म आहे, तोही भरला, पुराव्यांसकट. "आपली तक्रार मिळाली" एवढं छापील उत्तर आलं, ते मात्र तत्काळ. राज्याच्या ग्राहक विभागाने दुकानाला पत्र पाठवलं. दुकानाने उत्तर दिलं नाही. म्हणून त्यांनी फाइल बंद केली! चोराने उत्तर दिलं नाही म्हणून तक्रारदाराची फाइल बंद. हे मला लेटरहेडवर, सहीनिशी कळवलं.

स्मॉल क्लेम्सचं, म्हणजे छोट्या रकमांच्या कोर्टाचं, म्हणाल तर मिशिगनमध्ये २०२४ पासून मर्यादा ७,००० डॉलर आहे, माझी रक्कम आरामात बसते. पण समन्स बजावायला माणूस तरी सापडायला हवा. दुकानाचा पत्ता निघाला भाड्याची टपालपेटी. रजिस्टर्ड पत्र परत आलं. पत्ता नकाशावर बघा. तिथे गॅरेज दिसतंय का, लिफ्ट दिसते का, की कपड्यांच्या लाँड्रीशेजारचं टपालाचं दुकान?

नियम नाहीत असंही नाही. फेडरल ट्रेड कमिशनचा स्पष्ट नियम आहे: फोनवर किंवा इंटरनेटवर घेतलेली ऑर्डर सांगितलेल्या मुदतीत पाठवायची, मुदत सांगितली नसेल तर ३० दिवसांत. उशीर होणार असेल तर गिऱ्हाइकाला कळवून ऑर्डर रद्द करण्याचा पर्याय द्यायचा, आणि रद्द केली तर पैसे परत. इनव्हॉइसवर "स्पेशल ऑर्डर, नो रिफंड" छापलं म्हणून हे टळत नाही. खरा विक्रेता या नियमाचं नाव काढलं की सरळ होतो. आमच्या माणसाने त्यावर अंगठ्याचं चित्र पाठवलं.

पिंपरीचा मित्र म्हणाला, "इकडे असतास तर १९३० ला फोन लावला असता." खरंय. भारतात सायबर फसवणुकीला ही हेल्पलाइन आहे, आणि लगेच, अगदी तासाभरात कळवलं तर पुढच्या खात्यातले पैसे गोठवण्याची शक्यता तरी असते. भारतातून पार्ट मागवणाऱ्यांनी हा नंबर फोनमध्ये ठेवा. मला मात्र फसलोय हे कळायलाच दोन महिने लागले, तेव्हा तिथेही काय दिवे लागले असते कोण जाणे.

गणपतीत मंडळात प्रत्येक जण विचारत होता, "काय, टर्बो बसला का?" टर्बो नाही हो, सुपरचार्जर. आणि नाही बसला. क्रूझला त्याच ४६० वर गेलो.

इन्स्टॉलरचे ४०० बुडाले ते वेगळे. गिअर आणि स्प्रॉकेट ठेवून घेतोय. क्लच खोक्यात सीलबंद आहे, २०१८ नंतरच्या मॅन्युअल जीटीला बसतो. १,१८० ला घेतलाय, ९०० ला देईन. घरी येऊन, खोकं उघडून, बघून न्या. रोख किंवा कार्ड. झेल घेत नाही.