गुन्हे तपासाचा इतिहास आणि मूलतत्त्वे : एका ऑनलाइन अभ्यासक्रमाचे परीक्षण

गुन्हे तपासाचा इतिहास आणि त्याची मूलतत्त्वे यांची ओळख करून देणारा एक ऑनलाइन अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. ध्वनिचित्रमुद्रित व्याख्याने, प्रत्येक घटकासोबत थोडे वाचनसाहित्य, काल्पनिक घटनास्थळावर बेतलेला एक स्वाध्याय आणि शेवटी चाचणी, असे त्याचे स्वरूप आहे. पूर्वार्ध इतिहासाचा आणि उत्तरार्ध तत्त्वांचा आहे. पूर्वार्ध मला मनापासून आवडला. उत्तरार्धात मात्र काही घटक उत्कृष्ट आणि काही अगदीच कोरडे आहेत. या कोरडेपणाचे कारण एकच आहे. तपासाचे बरेचसे नियम फसलेल्या तपासांतून आलेले आहेत, ही गोष्ट व्याख्याते इतिहास सांगताना लक्षात ठेवतात आणि नियम सांगताना विसरतात.

सुरुवात चीनमधील न्यायाधिकारी सोंग त्सी यांच्यापासून होते. त्यांनी 1247 मध्ये मृतदेहांच्या तपासणीविषयी लिहिलेल्या ग्रंथात, गावातील सगळे विळे जमिनीवर मांडायला लावून ज्या विळ्यावर माश्या बसल्या त्यावरून खुनी ओळखल्याची हकिगत आहे. ती सर्वत्र सांगितली जाते आणि इथेही येते. त्यानंतर एकदम युरोप. स्वतः शिक्षा भोगलेल्या विदोक यांनी पॅरिसमध्ये 1812 च्या सुमारास गुप्त पोलिसांचे पथक उभे केले. लंडनच्या पोलिस दलात 1842 मध्ये गुप्तहेरांची छोटी शाखा निघाली, 1877 मध्ये त्याच शाखेतील वरिष्ठ अधिकाऱ्यांवर लाचखोरीचा खटला चालला आणि पुढच्याच वर्षी तिची पुनर्रचना झाली. ही मांडणी धावती असली तरी या टप्प्यावर ती पुरेशी वाटते.

अभ्यासक्रमाचा खरा कस लागतो तो ओळख पटवण्याच्या प्रश्नावर. एकोणिसाव्या शतकातील पोलिसांपुढे मोठी अडचण होती ती, पकडलेला माणूस नाव बदलून पुन्हा आलेला जुनाच गुन्हेगार आहे की नाही, हे ठरवण्याची. पॅरिसमधील बेर्तियों यांनी शरीराच्या अकरा मापांवर आधारलेली पद्धत सुचवली आणि 1880 च्या दशकापासून ती अनेक देशांनी उचलली. तिच्या मर्यादा व्याख्यात्यांनी फार चांगल्या उलगडल्या आहेत: माप घेणारा बदलला की आकडा बदलतो, वाढत्या वयाच्या मुलांना ती लागू पडत नाही आणि मुख्य म्हणजे कोणताही चोर आपली मापे घटनास्थळी सोडून जात नाही. याच बेर्तियों यांनी फ्रेंच लष्करी अधिकारी द्रेफ्युस यांच्यावरील हेरगिरीच्या खटल्यात हस्ताक्षरांविषयी चुकीची साक्ष दिली, हेही ओघात येते. एका क्षेत्रातला अधिकार दुसऱ्या क्षेत्रात वापरण्याचा धोका दाखवायला याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण आहे.

बोटांच्या ठशांवरचा भाग तर संपूर्ण अभ्यासक्रमातला सर्वोत्तम म्हणावा लागेल. ठसे वेगवेगळे असतात, एवढे समजून पोलिसांचे काम भागत नव्हते; हजारो पत्रकांतून हवे ते पत्रक थोड्या वेळात हाती कसे यावे, हा खरा पेच होता. बंगालमध्ये पोलिसप्रमुख एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली काम करणारे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी तो सोडवला. दहा बोटांवरील चक्राकृतींच्या आधारे पत्रकांची 1,024 गटांत विभागणी करणारी वर्गीकरणपद्धत तयार झाली आणि 1897 मध्ये कोलकात्यात अंगुलिमुद्रा कार्यालय सुरू झाले. पद्धतीला नाव मात्र हेन्री यांचे मिळाले. व्याख्यात्यांनी हक आणि बोस यांचा वाटा ठळकपणे सांगितला, याबद्दल त्यांना दाद दिली पाहिजे. अर्जेंटिनातील 1892 चे प्रकरणही सविस्तर येते. दोन मुलांच्या खुनाचा आळ आईने एका ओळखीच्या माणसावर घेतला, पोलिसांनी त्याचा छळ केला तरी त्याने कबुली दिली नाही आणि अखेर दारावरचा रक्ताळलेला ठसा आईचाच निघाला.

ओर्फिला यांचे विषशास्त्र आणि तपासाला पद्धतशीर अभ्यासविषय बनवणारे ऑस्ट्रियातील हान्स ग्रोस हे घाईघाईत उरकले आहेत. फ्रान्समधील लोकार यांनी 1910 मध्ये लियों शहरातील न्यायालय इमारतीच्या पोटमाळ्यावर प्रयोगशाळा थाटली, तो प्रसंग रंगवून सांगितला आहे; पण ‘प्रत्येक स्पर्श माग सोडतो’ हे वाक्य त्यांचेच म्हणून अवतरणचिन्हांत दाखवले आहे. ते त्यांच्या विचाराचे नंतर रूढ झालेले संक्षिप्त रूप आहे. त्यांचे मूळ म्हणणे गुन्ह्याच्या कृतीतील तीव्रतेमुळे खुणा मागे राहणे अटळ असते, अशा आशयाचे होते. शिवाय मागावरून फक्त संपर्क सिद्ध होतो, तो केव्हा आणि कोणत्या कारणाने झाला हे त्यावरून कळत नाही, हा खुलासा इथेच यायला हवा होता. तो बऱ्याच उशिरा, एका प्रश्नाच्या उत्तरात येतो.

उत्तरार्धातील घटनास्थळाचा स्वाध्याय उत्तम रचलेला आहे. जखमी व्यक्तीला मदत, जागेची नाकेबंदी, छायाचित्रे, मोजमापांसह रेखाटन, शोध आणि मग वस्तू उचलणे, हा क्रम विद्यार्थ्याने स्वतः ठरवायचा असतो. छायाचित्र घेण्याआधी वस्तू हलवली की गुण कापले जातात. रक्ताने ओला झालेला कपडा प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला तर ओलाव्यामुळे नमुना खराब होतो, म्हणून तो सुकवून कागदी पाकिटात ठेवायचा, असे बारकावेही आहेत. मुद्देमाल कोणाच्या ताब्यातून कोणाकडे गेला, याची नोंदवही प्रत्येक पायरीवर भरावी लागते. ते कंटाळवाणे आहे, आणि प्रत्यक्षातही ते तसेच असते.

नमुन्यांच्या शुद्धतेसाठी हाइलब्रॉन प्रकरण निवडले आहे, तेही अगदी योग्य. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि फ्रान्समधील सुमारे 40 घटनास्थळी एकाच अज्ञात स्त्रीचा डीएनए सापडत होता. 2009 मध्ये उलगडा झाला की तो नमुने घेण्याच्या कापसाच्या काड्यांच्या वेष्टनाशी संबंधित काम करणाऱ्या एका कामगार स्त्रीचा होता. काड्या निर्जंतुक होत्या, डीएनएमुक्त नव्हत्या. कोरी काडीही तपासायला पाठवण्याचा नियम इथे एका वाक्यात पटतो, आणि हाच घटक बाकीच्या घटकांसाठी नमुना व्हायला हवा होता.

चौकशी आणि जबाब यांवरचा घटक मात्र निव्वळ सूचनांची यादी आहे: मोकळे प्रश्न विचारा, उत्तर सुचवू नका, दबाव आणू नका. दबाव का आणू नये, याचे सर्वांत प्रभावी उदाहरण याच अभ्यासक्रमात आधी येऊन गेलेले असते, पण वेगळ्याच हेतूने. इंग्लंडमधील लेस्टरशर परगण्यात 1983 आणि 1986 मध्ये दोन किशोरवयीन मुलींचे खून झाले, त्यांत ॲलेक जेफ्रीज यांच्या डीएनए तंत्राचा प्रथमच उपयोग झाला, ही विजयकथा म्हणून सांगितली आहे. वस्तुतः त्या तंत्राने सर्वप्रथम एका निर्दोष तरुणाची सुटका केली, आणि त्या तरुणाने पोलिसांसमोर एका खुनाची कबुली दिलेली होती. खरा गुन्हेगार कॉलिन पिचफोर्क याने रक्तनमुना देण्यासाठी आपल्या जागी सहकाऱ्याला पाठवले होते; त्या सहकाऱ्याचे गप्पांमधले बोलणे कोणीतरी ऐकले, म्हणून पिचफोर्क सापडला. खोटी कबुली, प्रयोगशाळेचे सामर्थ्य आणि लोकांकडून येणाऱ्या माहितीचे मोल या तिन्ही गोष्टी एका प्रकरणात मिळत असताना त्यांपैकी एकच वापरणे ही उधळपट्टी आहे.

एक उणीव याहून मोठी आहे. माहितीचे व्यवस्थापन आणि तपास पथकाचा पूर्वग्रह यांवर स्वतंत्र घटकच नाही. इंग्लंडच्या यॉर्कशरमधील खूनसत्राच्या तपासात पोलिसांनी खुनी पीटर सटक्लिफ याची नऊ वेळा चौकशी केली होती, परंतु कागदी नोंदपत्रांच्या ढिगाऱ्यात ते दुवे जुळले नाहीत. आपणच खुनी असल्याचे सांगणारी, 1979 मध्ये आलेली बनावट ध्वनिफीत खरी मानून तपासाची दिशाही भरकटली. 1981 च्या जानेवारीत सटक्लिफ सापडला तो गाडीच्या खोट्या क्रमांकपट्ट्यांमुळे. ब्रिटनमधील मोठ्या तपासांसाठी संगणकीय नोंदपद्धत आली ती या अपयशानंतर. मूलतत्त्वे शिकवणाऱ्या अभ्यासक्रमात हे नसणे मला समजू शकले नाही.

ध्वनिमुद्रण स्पष्ट आहे, आकृत्या नेटक्या आहेत, उपशीर्षकांत व्यक्तिनामे वारंवार चुकतात. अंतिम चाचणी निराशाजनक आहे. तिच्यात सनावळ्या विचारल्या आहेत, पण पुराव्यावरून काय म्हणता येते आणि काय नाही, असा एकही प्रश्न नाही. कायद्याचे विद्यार्थी, गुन्हेविषयक वार्तांकन करणारे पत्रकार आणि रहस्यकथा लिहिणारे यांना हा अभ्यासक्रम घ्यायला हरकत नाही. पोलिस सेवेत असलेल्यांना घटनास्थळ आणि नमुन्यांच्या शुद्धतेवरचे दोन घटक पुरेत. ते सुटे निवडता येतात, आणि मुद्देमालाच्या नोंदवहीचा कोरा नमुनाही त्यांसोबत उतरवून घेता येतो.